डिझाइनची नोकरी धरण्याआधी साइटवर वर्ष काढावं का?

जुळेसोलापूर_सिव्हिल: सिव्हिल इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष संपतंय. पुण्यात डिझाइन ऑफिसात काम मिळतंय, दिवसभर ईटॅब्सवर (इमारतीच्या डिझाइनचं सॉफ्टवेअर). घरचे म्हणतात, सोलापूरच्या उन्हात कशाला करपतोस. सर म्हणतात, आधी साइट कर. खरंच एवढा फरक पडतो का?

होटगीरोड_साइटवाला: पडतो की! साधा बीम घे, रुंदी २३० मिमी. दोन्हीकडे २५चं कव्हर (सळीबाहेरचं काँक्रीट) आणि ८ची रिंग (सळ्यांभोवतीचं कडं), आत उरले १६४. सपोर्टला, म्हणजे कॉलमजवळ, वरच्या थरात २०च्या चार सळ्या टाकल्या की गॅप २८ची. खडी २०ची, म्हणजे आयएस ४५६ ला (काँक्रीटचा भारतीय कोड) २५ची गॅप चालते. कागदावर सगळं पास. पण काँक्रीट दाबून बसवणाऱ्या व्हायब्रेटरची नीडल ४०ची, ती जाणार कुठून? त्यात जॉइंटला कॉलमच्या उभ्या सळ्या, आडव्या बीमचं स्टील. सेंट्रिंग खोललं की नेमका तिथंच हनीकोंब (काँक्रीटमध्ये पोकळ्या), आणि बोलणी खातो गवंडी. मला याचा फार राग येतो. दोन सळ्या दुसऱ्या थरात घेतल्या तर मधून नीडल आरामात उतरते. इफेक्टिव्ह डेप्थ (बीमच्या दाबाकडच्या कडेपासून या सळ्यांच्या मध्यापर्यंतची खोली) थोडी घटते, ती गणितात धरायची. हे सॉफ्टवेअर आपणहून सांगत नाही.

दुसरं ऊन. मे महिन्यात पारा ४२च्या वर. माल, म्हणजे ओलं काँक्रीट, स्लॅबवर पोचेपर्यंत आवळतो, मग कुणीतरी मिक्सरमध्ये जास्तीचं पाणी ओततो आणि स्ट्रेंग्थ गेली. काम पहाटेच धरायचं. कोरड्या उन्हात क्युरिंग (काँक्रीट ओलं ठेवणं) किमान १० दिवस, आणि आपल्याकडे नळाला रोज पाणी कुठंय? टँकर आधी ठरवावा लागतो.

अक्कलकोटरोड_ताई: दादांचं पटलं. पायाचंही तेच आहे. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. एकाच प्लॉटमध्ये मुरूम एका कोपऱ्यात वर लागतो, दुसऱ्यात बराच खाली. ड्रॉइंगवर सगळ्या फुटिंगची (कॉलमखालच्या पायाची) खोली एकच असते. खड्ड्यात स्वतः उतरून बघितल्याशिवाय मी काँक्रीट टाकू देत नाही.

जुळेसोलापूर_सिव्हिल: ताई, दादा, थँक्यू. साइट धरतोय. सुरुवातीला काय बघू?

होटगीरोड_साइटवाला: स्लॅबच्या आदल्या दिवशी बारबेंडरबरोबर (सळ्या बांधणाऱ्याबरोबर) फिर. प्रत्येक जॉइंटमध्ये नीडल कोरडीच घालून बघ. जिथं अडेल तिथं ड्रॉइंगवर खूण कर आणि त्याच संध्याकाळी डिझाइनरला फोन लाव. सकाळी माल आल्यावर सळी हलत नाही.