मदत हवी आहे: आयफेलमध्ये आई-बाबांसोबत तीन दिवस, नेमकं काय बघू?

कोलोनकर
नमस्कार मंडळी, जरा घाईत लिहितोय. आई-बाबा आलेत. गुरुवार ते शनिवार जर्मनीतल्या आयफेल या डोंगराळ भागात, डाउन गावात राहायचं बुकिंग केलंय. ज्वालामुखीची तळी, धबधबे, गुहा, सगळं आहे तिथे. पण तिथल्या 'नाटुरडेंकमाल'ची, म्हणजे नैसर्गिक स्मारकांची यादी उघडली की संपतच नाही. आधी एकदा बघून यावं म्हणून मागच्या रविवारी एकटाच ड्राइम्युलेनच्या धबधब्याला निघालो, तर मोबाइलने एका शेताच्या कुंपणापाशी नेऊन सोडलं. दीड तास फिरलो, पाण्याचा आवाजसुद्धा कानावर पडला नाही. कुणी जाऊन आलं असेल तर सरळ सांगा, काय बघायचं आणि कुठल्या क्रमाने. उद्यापर्यंत ठरवायचंय.

राईनकाठी
गाडी आहे का? आई-बाबांची वयं काय? किती चालू शकतात? हे कळल्याशिवाय काय सांगणार?
आणि हा गुरुवार म्हणजे फ्रोनलाइखनामचा, त्या ख्रिस्ती सणाचा ना? तुमच्याकडेही सुट्टी आणि तिकडेही. दुकानं बंद असतील, बस रविवारच्या वेळापत्रकाने. दूध, ब्रेड, भाजी बुधवारीच घेऊन ठेवा. तिथे लहान गावात एखाद्या वारी हॉटेलंही बंद असतात, पाटी बघितल्याशिवाय जेवणाच्या भरवशावर जाऊ नका.

सायकलवेडा
डाउनला जाऊन सायकल चालवली नाही तर काय उपयोग! माअरे-मोझेल मार्ग, डाउन ते बर्नकास्टल-कुएस, ५८ किमी. जुन्या रेल्वेच्या रुळांच्या जागी केलाय, त्यामुळे चढ अगदी सौम्य. वाटेत पाचशे मीटरहून लांब बोगदा आहे, हिवाळ्यात वटवाघळांसाठी तो बंद ठेवतात. आत शिरल्यावर जो गारवा लागतो तो मी अजून विसरलेलो नाही. विजेच्या सायकली भाड्याने मिळतात.

राईनकाठी
अहो, ते आई-बाबांना घेऊन जातायत.

सायकलवेडा
माझे सासरे ६८ व्या वर्षी चालवतात.

कोलोनकर
सायकल नको. गाडी आहे, चालवणारा मी एकटाच. दोघं सत्तरीच्या जवळपास आहेत. आता सांगा.

खडकपारखी
आधी यादीबद्दल. नाटुरडेंकमाल म्हणजे काहीतरी भव्यच असेल असं समजू नका. कायद्याने संरक्षण दिलेली एकेकटी गोष्ट: एखादा खडक, झरा, किंवा गावाच्या कडेचं म्हातारं लिंडेचं झाड. हिरव्या काठाची त्रिकोणी पाटी दिसली की ओळखायचं. म्हणून यादी संपत नाही. यादी धरून फिरलात तर तीन दिवस झाडंच मोजाल. तळ्यांचा बराचसा भाग मोठ्या संरक्षित क्षेत्रात येतो, तिथे पायवाट सोडायची नाही.

ड्राइम्युलेनला जाताना गावाचं नाव टाकू नका, 'नोनर म्युले'च्या वाहनतळाचं टाका. तिथून ओढ्याकाठची वाट आहे, मला पंधरा-वीस मिनिटं लागली. धबधबा सहा मीटरचाच, पण तो दरवर्षी पुढे सरकतो. झऱ्यांच्या पाण्यात चुना विरघळलेला असतो, तो शेवाळावर बसतो, शेवाळ दगड होतं आणि त्यावर नवं शेवाळ येतं. १९१२ च्या सुमारास रेल्वेमार्ग बांधताना तीन झरे एकत्र वळवले, त्यातून हा तयार झाला. माझ्या आजोबांच्या वयाचा धबधबा बघतोय, या विचाराने मी तिथे बराच वेळ उभा होतो.

दख्खनपठार
विवरंच बघायची तर आयफेल कशाला? बव्हेरियात नोर्डलिंगनला जा. उल्का पडून झालेलं विवर, सुमारे २४ किमी रुंद, आणि अख्खं शहर त्याच्या आत. आयफेलची तळीही तशीच, आपल्या लोणारसारखी, फक्त लहान.

खडकपारखी
नाही, इथे गल्लत होतेय. आयफेलची माअर तळी उल्केची नाहीत. खालून वर येणारा तप्त शिलारस भूजलाला भिडला, पाण्याची एकदम वाफ झाली आणि जमीन फुटली. खड्डा उरला, पुढे त्यात पाणी साठलं. लोणार मात्र उल्केचंच, तेही बेसॉल्टमध्ये.

दख्खनपठार
लोणारलाही आधी ज्वालामुखीच म्हणायचे की.

खडकपारखी
म्हणायचे, आणि नोर्डलिंगनलाही. १९६० साली तिथल्या खडकात कोएसाइट सापडलं, प्रचंड दाबाखाली होणारं खनिज, आणि प्रश्न मिटला. लोणारचा पुरावा १९७० च्या दशकातला. आयफेलमध्ये असं काही नाही, तिथे सगळीकडे ज्वालामुखीची राख आहे.

आंबोळी
आई-बाबांचा व्हिसा किती दिवसांचा आहे? १८० दिवसांत ९० च दिवस राहता येतं, आल्याचा आणि जाण्याचा दिवस दोन्ही धरून. आमच्या ओळखीत एकांचा हिशेब चुकला होता. प्रवास विमाही बघा.

राईनकाठी
विषय भरकटवू नका. कोलोनकर, आंडरनाखला न्या. राईनमधून बोटीने जायचं आणि पाण्याचा ६० मीटरपर्यंत उडणारा फवारा बघायचा. थंड पाण्याचा एवढा उंच गीझर जगात दुसरा नाही. डाउनहून तासाभराची गाडी.

खडकपारखी
आंडरनाखचं पाणी विंधन घेतलेल्या विहिरीतून येतं. बोट, तिकीट, रांग यात अर्धा दिवस जातो, आणि चालक एकच. मी नाही नेणार.

राईनकाठी
डाउनजवळच्या वालेनबोर्नच्या फवाऱ्यालाही विंधन आहेच. पाणी वर फेकणारा वायू मात्र दोन्हीकडे जमिनीतलाच. माझ्या आईने फवारा बघून टाळ्या वाजवल्या होत्या, तेवढ्यासाठी अर्धा दिवस गेला तर गेला.

कोलोनकर
सगळ्यांचे आभार. आधीच लिहायला हवं होतं, राहून गेलं. आईच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन नोव्हेंबरमध्ये झालंय. सपाटीवर चालते, पायऱ्या आणि उतार नको म्हणते. बाबा मेहकरला शाळेत भूगोल शिकवायचे. दरवर्षी नववीच्या मुलांना एसटीने लोणारला न्यायचे, मीही एकदा त्यांच्या वर्गातून गेलोय. निवृत्तीनंतर जाणं झालं नाही. आयफेल निवडलं ते त्यांच्यासाठीच.

खडकपारखी
हे आधी कळलं असतं तर मी धबधब्यावर एवढं लिहिलंच नसतं. आता नीट सांगतो.

वाइनफेल्डर माअरपासून सुरुवात करा. डाउन-शाल्केनमेरेन रस्त्याला लागूनच वाहनतळ आहे, काठावरून अख्खं तळं दिसतं. गोल आणि ५१ मीटर खोल. ना ओढा येतो, ना जातो. काठावरच्या पांढऱ्या चॅपेलभोवती वाइनफेल्ड गाव होतं, सोळाव्या शतकात प्लेगनंतर ते उठलं. लोक याला टोटेनमाअर म्हणतात, मृतांचं तळं. इथे पोहायला बंदी आहे, पोहायचं तर शेजारचं गेम्युंडेनर.

मग वालेनबोर्न. गावाच्या मध्येच, सपाट. साधारण ३५ मिनिटांनी पाणी उसळतं, चार मीटरपर्यंत. जमिनीखालचा कार्बन डायऑक्साइड साठत जातो, दाब वाढला की पाण्याला वर फेकतो.

श्ट्रोन चुकवू नका. रस्त्याकडेला लाव्हाचा पाच मीटर व्यासाचा गोळा आहे, सुमारे १२० टनांचा. नाव 'लाव्हाबॉम्ब', पण तो एका फेकीत झालेला नाही. विवरात पुन्हा पुन्हा घसरत, वर नवा थर चढत मोठा झाला. हे बाबांना आधी सांगू नका, त्यांना ओळखू द्या.

गेरोलश्टाइनचे चुनखडीचे कडे गावातूनच बघा, वर बुखनलोख गुहेपर्यंत चढ आहे. ते कडे म्हणजे समुद्रातला प्रवाळ, सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वीचा.

राईनकाठी
गवतात जाताना पाय झाकलेले ठेवा, गोचीड असतात. रात्री अंग तपासा, गुडघ्यामागे विशेष. आणि आंडरनाखचं माझं मत कायम आहे.

कोलोनकर
शनिवार रात्र, घरी पोचलो. आंडरनाख राहिलं, धबधबाही राहिला.

वालेनबोर्नला आम्ही पोचलो तेव्हा पाणी नुकतंच बसलं होतं. सडलेल्या अंड्यासारखा वास येत होता, आईने पदर नाकाला लावला. बाबांनी घड्याळ काढून हातात धरलं. बाकावर बसायला तयार नव्हते. अठ्ठाविसाव्या मिनिटाला खालून घुरघुर सुरू झाली, पाणी आधी फुगलं, मग पांढरं झालं आणि एकदम वर आलं. बाबा म्हणाले, "चौतीस." पुन्हा बघायचं म्हणाले. आम्ही तीन वेळा बघितलं. दुसरी वेळ पस्तीस मिनिटं, तिसरी छत्तीस. आईने तोवर बाकावर धपाटे काढून सगळ्यांना वाढले. शेजारच्या जर्मन आजींनी एक घेतला आणि दुसरा मागून घेतला.

श्ट्रोनच्या गोळ्याला बाबांनी पूर्ण फेरी मारली. एका जागी थर सुटलेला दिसतो, तिथे बोट ठेवून मला विचारलं, "हे एका वेळचं आहे का?" मी गप्प राहिलो. मग त्यांनीच सगळं समजावलं, नववीच्या वर्गात समजावायचे तसं.

दख्खनपठार, एक विचारायचं होतं. वाइनफेल्डरच्या काठावर मी तुमचं नोर्डलिंगन बाबांना सांगितलं, तेव्हापासून तोच विषय चाललाय. कोलोनहून एका दिवसात जमेल का?

दख्खनपठार
एका दिवसात नको, मुक्काम करा. विवराचा काठ बघायला डानिएल मनोऱ्यावर चढावं लागतं, ३५० पायऱ्या आहेत. आईंना घेऊन जायचं तर गाडीने जाता येईल अशी उंचावरची जागा शोधावी लागेल. परतीचं विमान कधीचं आहे, ते आधी सांगा.