नदीकाठचं कलासंकुल: आधी वाट की आधी रंगमंच? (टोपणनावांनी लिहिणाऱ्या तिघांची चर्चा)

मांडवीकाठ: मांडवी नदीकाठी नवं कलासंकुल बांधायचं असेल तर माझा पहिला प्रश्न असा: तिकीट न काढता माणसाला पाण्यापर्यंत जाता येईल का? पणजीत कांपालला वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी उभारलेली कला अकादमी (१९८३ मध्ये पूर्ण झाली) बघा. इमारत मुद्दाम बुटकी ठेवलीय. रस्त्यावरून आत शिरलं की पर्गोलाखालून (खांबांवरच्या उघड्या तुळयांच्या मांडवाखालून) चालत सरळ मांडवीकाठी. नाटक बघायचं नसलं तरी माणूस आत येतो, बसतो, आणि कधीतरी तालमीचा आवाज ऐकून थबकतो. प्रेक्षक असाच घडतो. नव्या संकुलाचा नकाशा या वाटेपासूनच सुरू व्हावा.

विंगेतून: अजिबात पटलं नाही. वाट कितीही देखणी असली तरी रंगमंच चुकला की कलाकाराला ते जन्मभर निस्तरावं लागतं. सिडनी ऑपेरा हाउसचंच घ्या. ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा अंदाज १० कोटी २० लाखांवर गेला, १९७३ ला उद्घाटन झालं. जगभर फोटो झळकले. पण मोठं सभागृह काम चालू असतानाच फक्त मैफिलींसाठी ठरवलं गेलं आणि ऑपेरा गेला धाकट्या सभागृहात, जिथे वाद्यवृंदाची जागा अपुरी! आधी विंगा, नेपथ्याचा ट्रक थेट मागच्या दारी लागेल अशी सोय, मेकअपच्या खोल्या. नदी कुठे पळून जात नाही.

जतनवाली: संकुलातल्या संग्रहालयाचं कुणीच बोलत नाहीये. कोकणपट्टीतल्या जून-जुलैच्या दमट हवेत कागदाला बुरशी धरते, खाऱ्या वाऱ्याने लोखंड गंजतं. दालनं मांडवीकडे उघडी ठेवून चालणारच नाही. आणि साठवणीची खोली तळघरात तर मुळीच नको.

मांडवीकाठ: ताई, दालनं बंदिस्तच हवीत, मान्य. हाँगकाँगच्या वेस्ट कौलूनमध्ये २०२१ ला एम प्लस संग्रहालय सुरू झालं. तिथे दालनांना तिकीट आहे, पण समोरचं बंदराकाठचं उद्यान सगळ्यांना खुलं. माझा आग्रह एवढ्याच पट्ट्याचा आहे. विंगेतून, ट्रक हवाच, पण त्याचा रस्ता नदीकाठावरून नको.

विंगेतून: ट्रक रस्त्याच्या बाजूने आला तरी माझी हरकत नाही. मात्र दुरुस्तीचा पैसा पहिल्या दिवसापासून वेगळा काढून ठेवा. जुलै २०२३ मध्ये, नूतनीकरण चालू असताना, पणजीच्या याच कला अकादमीच्या खुल्या रंगमंचाचं छत कोसळलं. कार्यक्रम चालू असता तर? दुरुस्तीच्या पैशाचं लेखी येईपर्यंत नव्या संकुलाला माझा विरोधच राहील.