मदत हवी: खाणीतलं पर्यावरण व्यवस्थापन कुठं शिकायचं? (लवकर सांगा)

पैनगंगा_किनवट:
नमस्कार. मला मायनिंगमधलं पर्यावरण व्यवस्थापन शिकायचंय. कुठं शिकवतात, खर्च किती, नंतर काम मिळतं का? शोधायला गेलं की नुसत्या परदेशी पाठवणाऱ्या एजंटांच्या जाहिराती, काही कळंना गेलंय. फॉर्मची मुदत जवळ आलीय आणि घरचे रोज विचारायलेत. ज्यांना माहीत आहे त्यांनीच सांगा.

खडकाळ:
धनबाद. आयआयटी (आयएसएम), म्हणजे जुनं इंडियन स्कूल ऑफ माइन्स. १९२६ पासून खाणकाम शिकवतात, २०१६ साली आयआयटी झाली. पर्यावरणाचा स्वतंत्र विभाग आहे. गेट (एमटेकची प्रवेशपरीक्षा) द्या, २०२१ पासून त्यात पर्यावरणाचा वेगळा पेपर आहे. एमटेकला महिना १२,४०० विद्यावेतन. विषय संपला.

गोदाकाठ:
संपला कसा? त्यांचं शिक्षण काय झालंय ते तरी कळू द्या. बारावीला असतील तर गेटचं काय करतील?

सरळसेवा_लातूर:
भाऊ, माझं ऐका. कुठलीही पदवी घ्या आन् राज्यसेवेला बसा. तहसीलदार झालात की वाळूचे हायवा तुम्हीच धरायचे. याच्यापेक्षा मोठं पर्यावरण व्यवस्थापन कोणतं?

पैनगंगा_किनवट:
भाऊ नाही, ताई. ग्रॅज्युएशन झालंय. राज्यसेवेचं विचारलं नव्हतं.

सरळसेवा_लातूर:
ताई मग तर हा विषय सोडाच. खाणीत बायकांना घेत नाहीत, कायदाच आहे.

खडकाळ:
अर्धवट माहिती देऊ नका. १९५२ च्या खाण कायद्यात बंधन होतं हे खरं. २०१९ मध्ये केंद्रानं ते सैल केलं. लेखी संमती असेल तर उघड्या खाणीत रात्रपाळी आणि भूमिगत खाणीत सकाळी ६ ते संध्याकाळी ७ तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या कामावर महिला असू शकतात. आणि पर्यावरणाचं निम्मं काम तर जमिनीवरच असतं.

एल्बकाठचा_बीडकर:
जर्मनीला या. फ्रायबर्गचं खाण विद्यापीठ १७६५ चं आहे, शिकवणी फी जवळपास नाही. इथं नुसतं पुस्तकी नाही. पूर्व जर्मनीत युरेनियमच्या खाणी बंद झाल्यावर १९९० नंतर सगळा परिसर साफ करायचं काम काढलं, ते अजून चालूच आहे. लिग्नाइटच्या (तपकिरी कोळशाच्या) खड्ड्यांत पाणी सोडून तळी केलीत, लोक तिथं पोहायला जातात. खाण बंद कशी करायची हे बघायचं तर इथंच.

खडकाळ:
फी नाही म्हणता, मग ब्लॉक्ड अकाउंट, म्हणजे व्हिसासाठी राहण्याचा खर्च आधीच भरून ठेवायचं खातं, ते कोण भरणार? २०२४ पासून वर्षाचे ११,९०४ युरो आधी दाखवावे लागतात. आपले अकरा-बारा लाख झाले. वर एपीएसचं, म्हणजे पदवीची कागदपत्रं तपासल्याचं प्रमाणपत्र.

एल्बकाठचा_बीडकर:
ते पैसे कुणी घेत नाही, दर महिन्याला तुमचेच तुम्हाला मिळतात. धनबादला जाऊन कोळशाची धूळ खाण्यापेक्षा बरं.

खडकाळ:
धूळ खाल्ल्याशिवाय धुळीचं व्यवस्थापन कळत नाही साहेब.

माळरान:
मध्ये बोलतो, माफ करा. आमच्या शिवारालगत क्रशर आहे. कापसाची बोंडं पांढरी नाही, करडी दिसतात. सुरुंग उडाला की विहिरीच्या कडेची माती ढासळते. कुठं तक्रार करायची?

गोदाकाठ:
धुळीसाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयात लेखी द्या. खदान परवान्याच्या हद्दीत आहे का, ते तहसील आणि जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्याकडे विचारा. सुरुंगाची तारीख-वेळ वहीत लिहीत जा. वेगळा धागा काढा, इथं मूळ प्रश्न राहून जाईल.
पैनगंगा ताई, पदवी कशात?

सरळसेवा_लातूर:
मराठवाड्यात खाणी आहेतच कुठं, हा खरा प्रश्न आहे.

खडकाळ:
सगळा बेसाल्ट आहे, गिट्टीच्या खदानी गावोगाव. देगलूरकडं ग्रॅनाइट. गोदावरीची वाळू तर तुम्हीच आत्ता धरत होतात. गौण खनिज म्हणजे खनिज नाही असं समजू नका. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयानं दीपक कुमार खटल्यात पाच हेक्टरखालच्या गौण खनिजालाही पर्यावरण मंजुरी लागेल असं सांगितलं, तेव्हापासून या कामाला माणसं लागायला लागली. आणि किनवटहून पैनगंगा ओलांडली की यवतमाळ, पुढं वणीचा कोळसा.

पैनगंगा_किनवट:
बीएस्सी. बॉटनी, झूलॉजी, केमिस्ट्री. गणित अकरावीलाच सोडलंय. म्हणून तर विचारायलेय, सगळे इंजिनिअरिंगचंच सांगतात.

गोदाकाठ:
हे पहिल्या ओळीत सांगायचं ना ताई! आता वरचं निम्मं बाद.

खडकाळ:
बीएस्सीवर थेट एमटेक नाही. आधी एमएस्सी. जॅम (आयआयटीतल्या एमएस्सीची प्रवेशपरीक्षा) मधून भूविज्ञान असतं, पण त्याला पदवीत भूविज्ञान हा विषय झालेला लागतो.

गोदाकाठ:
बॉटनीवालीला जॅमचं भूविज्ञान कशाला? खनिजं, स्फटिक सगळं शून्यापासून. मी पर्यावरण मंजुरीचे अहवाल करणाऱ्या एका संस्थेत होतो, तिथलं सांगतो. अहवाल एकटा माणूस करत नाही. हवा, पाणी, भूजल, आवाज-कंपनं, भूविज्ञान, समाज-अर्थ, परिस्थितिकी-जैवविविधता, प्रत्येक विषयाला नॅबेटची (अशा तज्ज्ञांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता असलेला तज्ज्ञ लागतो. शेवटचा जो आहे तिथं बॉटनी-झूलॉजीचा पाया कामाला येतो. 
दुसरं म्हणजे खाण संपल्यावरचं काम. उकरताना वरची काळी माती वेगळी काढून ठेवावी लागते. ती ढिगात वर्षानुवर्षं पडली की तिच्यातले जिवाणू मरतात, मग ती नुसती धूळ. उरलेला डंप म्हणजे मुरूम आणि दगड, पाणी धरत नाही, नत्र नाही. कोळशाच्या डंपात पायराइट (लोह-गंधकाचं खनिज) असेल तर हवा-पाणी लागून आम्ल सुटतं. त्यावर काय जगेल हे कोण सांगणार? नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनं गुमगावच्या मँगनीज खाणीच्या डंपावर साखर कारखान्याचा प्रेसमड (रस गाळून उरलेला गाळ) आणि जिवाणूखतं घालून झाडं उभी केली. प्रेसमड आपल्याकडं कारखान्याबाहेर पडलेलाच असतो! २०२० च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं तर खाणपट्ट्यात खाणकाम संपल्यावर गवत लावून जमीन चाऱ्यालायक करायची अट घालायला सांगितली. गवतं ओळखता येतात का तुम्हाला?

पैनगंगा_किनवट:
पवन्या, मारवेल, कुसळी, शेडा ओळखते. आजोबांमुळं. ते पण चालतं का यात?

गोदाकाठ:
चालतं काय, तेच लागतं. कुठं सुबाभूळ आणि ग्लिरिसिडिया ही बाहेरची झाडं लावून फोटो काढतात आणि अहवालात हिरवं पान जोडतात. स्थानिक गवताचं बी कुणी गोळा करत नाही.

एल्बकाठचा_बीडकर:
इथं लुझाटियात, म्हणजे त्याच लिग्नाइटच्या पट्ट्यातही त्याच परिसरातल्या कुरणाचं गवत कापून आणून टाकतात, त्यातलं बी रुजतं. अजून विचार करा, स्कॉलरशिप असते.

पैनगंगा_किनवट:
जर्मनी नको, बारा लाख नाहीत. एमएस्सी बॉटनीत करू का पर्यावरणशास्त्रात? एकच सांगा.

खडकाळ:
पर्यावरणशास्त्र. संभाजीनगरला विद्यापीठात विभाग आहे. शेवटच्या वर्षी गेटचा पर्यावरणाचा पेपर द्या, गुण तीन वर्षं चालतात. एमटेकला कोणती एमएस्सी चालते ते त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघा, हे मात्र स्वतः.

गोदाकाठ:
मी बॉटनी म्हणेन. पर्यावरणशास्त्रवाले सगळं थोडं थोडं शिकतात आणि शेतात गेल्यावर झाड विचारलं की मोबाइल काढतात. कायदे नंतर वाचता येतात, वनस्पती ओळख नंतर येत नाही.

खडकाळ:
तिला ती आत्ताच येते, वर वाचा की. तिला माती, पाणी, मोजमाप शिकायची गरज आहे.

गोदाकाठ:
बरं, हे मान्य. मग पर्यावरणशास्त्र. पण शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला कारखान्याचं सांडपाणी घेऊ नका, सगळे तेच घेतात. सोडून दिलेल्या खदानी बघा. पाच वर्षांपूर्वी बंद झालेली एक, वीस वर्षांपूर्वीची एक. कुठं काय उगवलंय ते पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात मोजा, मातीची खोली आणि सेंद्रिय कर्ब घ्या. मुलाखतीला ती वही घेऊन गेलात तर समोरचा ऐकेल.

सरळसेवा_लातूर:
एमएस्सी करता करता राज्यसेवेचाही फॉर्म भरून ठेवा ताई. वय थांबत नाही.

पैनगंगा_किनवट:
दादा, तुम्ही भरा. मी पर्यावरणशास्त्राचा भरायलेय, आज रात्रीच. नांदेडच्या भूशास्त्र संकुलातपण एकदा जाऊन विचारते. खदानी मात्र कुठं बघाव्या? आमच्याकडं जंगल जास्त, बंद पडलेल्या फार नाहीत.

माळरान:
आमच्या क्रशरमागं बंद पडलेल्या दोन आहेत, एक आमच्या आज्याच्या काळातली. या. धुळीचं यंत्र पण आणा सोबत, माझ्या तक्रारीला आकडा पाहिजे.