मदत हवी आहे : काबूलच्या शाह मराई यांच्या छायाचित्रांवर कार्यक्रम करायचा आहे

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरात आमचं हौशी छायाचित्रकारांचं छोटं मंडळ आहे. दर महिन्याला कुणीतरी एक सभासद एखाद्या छायाचित्रकाराची ओळख करून देतो. एप्रिलची पाळी माझी आहे आणि मी शाह मराई या अफगाण वृत्तछायाचित्रकाराचं नाव दिलंय. काही जणांचं म्हणणं, आपल्या लोकांना दानिश सिद्दीकी (अफगाणिस्तानात मारले गेलेले भारतीय वृत्तछायाचित्रकार) माहीत आहेत, त्यांच्यावर कर. सिद्दीकींबद्दल मला फार आदर आहे. पण ज्याचं घरच काबूलमध्ये होतं, मुलंही तिथेच वाढत होती, अशा माणसाने आपलं शहर कसं टिपलं हे मला दाखवायचंय.

३० एप्रिल २०१८ ला काबूलमध्ये एक स्फोट झाला. बातमीसाठी पत्रकार धावले, आणि त्यांच्यात मिसळलेल्या दुसऱ्या हल्लेखोराने स्वतःला उडवून दिलं. तिथे नऊ पत्रकार मारले गेले, मराई त्यातले एक. त्यांच्याविषयी शोधायला गेलं की हाच दिवस सगळ्यात आधी समोर येतो. मला त्याच्या आधीची वीसेक वर्षं हवी आहेत.

तालिबान काबूलमध्ये शिरले त्याच वर्षी, १९९६ ला, ते एएफपी या वृत्तसंस्थेत ड्रायव्हर म्हणून लागले. १९९८ पासून फोटो काढू लागले. सजीवांचे फोटो काढायला बंदी, म्हणून हाताभोवती गुंडाळलेल्या कापडात कॅमेरा लपवून. फोटोखाली नावही नाही, नुसतं 'स्ट्रिंगर', म्हणजे कामापुरता बाहेरचा बातमीदार. पुढे ते काबूल कार्यालयाचे मुख्य छायाचित्रकार झाले. स्फोट आणि अंत्ययात्रा तर टिपल्याच, पण वीटभट्टीवर राबणारी मुलं, नौरोजची, म्हणजे नववर्षाच्या सणाची गर्दी, बर्फातून कामाला निघालेली माणसंही. २०१६ मध्ये त्यांनी एक लेख लिहिला, त्यात मुलांना बाहेर फिरायला न्यायचीही हिंमत होत नाही असं म्हटलंय. हे वाचल्यावर त्यांनी काढलेले लहान मुलांचे फोटो मी वेगळ्याच नजरेने पाहायला लागलो.

आता अडलंय ते असं. वृत्तसंस्थेचे फोटो विनातिकीट कार्यक्रमात पडद्यावर दाखवायचे तर परवानगी लागते का? आणि छापून भिंतीवर लावायचे असतील तर? एएफपीचे फोटो गेटी या फोटो विकणाऱ्या संकेतस्थळावर दिसतात, पण तिथले दर आमच्या मंडळाला झेपणारे नाहीत. कुणी थेट वृत्तसंस्थेला लिहून सवलत मिळवली असेल तर पत्र कुणाच्या नावे आणि कसं लिहिलं, ते कृपया सांगा. विनापरवाना काहीही दाखवायचं नाही, हे मी पक्कं ठरवलंय.

दुसरं म्हणजे निवड. प्रेक्षकांत शाळकरी मुलंही असतात. रक्तामांसाचे फोटो वगळावेत असं मला वाटतं, पण सगळेच वगळले तर त्या माणसाने रोज काय पाहिलं हे लपवल्यासारखं होईल. जखमींपेक्षा स्फोटानंतर दुकानासमोरच्या काचा झाडणारे लोक दाखवले तर पुरेसं कळेल का? ज्यांनी अशी प्रदर्शनं मांडली आहेत त्यांनी क्रम कसा लावला?

सर्वात नाजूक गोष्ट शेवटी. पुण्यात बरेच अफगाण विद्यार्थी शिकतात. त्यांच्यापैकी कुणी काबूलच्या रोजच्या जगण्याबद्दल चार शब्द बोललं तर कार्यक्रमात जीव येईल. पण ऑगस्ट २०२४ च्या तालिबानी कायद्याने सजीवांची चित्रं प्रसिद्ध करायला पुन्हा बंदी घातली आहे, आणि या मुलांच्या घरचे तिकडे आहेत. म्हणून नाव जाहीर करायचं नाही, फोटो किंवा चित्रीकरण नाही, मोबाइल दाराशी जमा, असं मी योजलंय. एवढं पुरेल का? की त्यांना बोलवायचा विचारच सोडून द्यावा? पुण्यात त्यांच्यासोबत काम केलेल्या कुणी असतील तर स्पष्ट सांगा. कुणाचं नाव किंवा नंबर मात्र इथे उघड्यावर टाकू नका, आधी त्या मुलांना विचारा आणि मग मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

मार्चअखेर निवड पक्की करायची आहे, त्याआधी उत्तरं मिळाली तर फार मदत होईल.