भाकरीच्या कॅलरी मोजून खरंच वजन उतरतं का?

लातूरकरीण:
नमस्कार. वय ३८, वजन ७६, उंची पाच फूट दोन. मोबाईलमधी अ‍ॅप घेतलंय, रोज खाल्लेलं लिहायलेय, १२०० च्या वर जायचं नाही म्हणतंय. पण ज्वारीची भाकरी टाकली की एका ठिकाणी ८० दाखवतं दुसरीकडं २००, येसराची आमटी तर सापडंनाच. आमच्याकडं सहा माणसांचा स्वयंपाक एकाच पातेल्यात, माझ्या वाटीत तेल किती आलं कसं कळावं? सासूबाई म्हणतात दोन घास कमी खा, हिशोब कशाला मांडतीस. मोजल्यानं फायदा होतो का उगं डोक्याला ताप, ज्यांनी केलंय त्यांनी सांगा.

परभणीची_पोर:
ताई मी आहारशास्त्र शिकलेय म्हणून सांगते, मोजल्याचा फायदा होतो पण भाकरी मोजून नाही, पीठ मोजून. भाकरी कुणाची पातळ कुणाची जाड, पाण्याचं वजन वेगळंच. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात साधारण ३३५ ते ३५०, म्हणजे ६० ग्रॅम पिठाची भाकरी २०० च्या आसपास. भाकरीला घाबरू नका, खरी भर तेलाची आणि शेंगदाण्याची. कर्बोदकं आणि प्रथिनं ग्रॅमला ४ कॅलरी देतात, तेल तूप ९, करडईचं असो का शेंगदाण्याचं, घाण्याचं असलं तरी तेवढंच. आपल्याकडं चटणीत कूट, भाजीत कूट, त्याच्यावर कच्चं तेल, आणि ते कुणी जेवणात धरतच नाही. चहाचंही तसंच, कपाला दोन चमचे साखर धरली तर पाच कपात नुसत्या साखरेच्याच २०० होतात, एक भाकरी झाली की ती! १९९२ ला अमेरिकेत एक अभ्यास झाला होता, १२०० च्या आत खाऊनही वजन उतरत नाही म्हणणारी माणसं घेतली होती, तपासलं तर लिहिल्याच्या जवळपास दुप्पट खाणं निघालं. बिचारे खोटं बोलत नव्हते, अंदाजच तसा चुकतो. म्हणून दोन-तीन आठवडे नीट मोजा, हात आणि नजर तयार झाली की सोडून द्या.

बीडकर_दादा:
मला हे पटत नाही. आमच्या घरात एकजण मोजायला लागली आणि पंगतीत बसणंच बंद झालं तिचं, लग्नाला गेली तरी मोबाईल हातात, एक घास जास्त झाला की दिवसभर तोंड उतरलेलं. असं जगून वजन उतरलं तरी टिकंल का? आणि १२०० हा आकडा का म्हणून सगळ्यांना? १९४४-४५ मधी मिनेसोटात ३६ तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं, साधारण १६०० कॅलरीवर, ते रात्रंदिवस जेवणाचाच विचार करायले होते, पाककृतीची पुस्तकं वाचत बसायचे. ते बाप्ये होते, रोज चालायचे, मान्य, पण पोट मारलं की मनाचं काय होतं ते त्याच्यात दिसतं. उलट २०१८ ला स्टॅनफर्डच्या अभ्यासात सहाशेवर लोक होते, त्यांना कॅलरीचा आकडाच दिला नव्हता, एका गटाला तेल-तूप कमी, दुसऱ्याला कर्बोदकं कमी, आणि दोघांनाही भाज्या जास्त, साखर मैदा कमी, घरचं खा असं सांगितलं होतं. वर्षात सरासरी पाच-सहा किलो उतरलं. सासूबाईंचं ऐका ताई.

परभणीची_पोर:
दादा, त्या घरातल्या ताईंनी मोजणं लगेच थांबवावं, याच्यात वादच नाही. खाण्याची भीती बसत असंल तर अ‍ॅप काढूनच टाकावं आणि डॉक्टरांशी बोलावं. पण स्टॅनफर्डवाल्या लोकांना वर्षभर आहारतज्ज्ञ शिकवत होते, गटात बसवून. आपल्या बायांना कोण शिकवतंय? त्यांना निदान कळू तर द्या कशात किती आहे. १२०० बद्दल तुमचं खरं आहे, एवढं कमी स्वतःच्या मनानं धरू नये, शुगरची गोळी चालू असंल तर मुळीच नाही.

लातूरकरीण:
शुगर बीपी काही नाही, दोन महिन्याखालीच तपासलंय. पण पातेल्याचं काय ते कुणी सांगंना.

नांदेडची_मावशी:
अगं बाई, वाटीतलं तेल मोजूच नको, डबा मोज. पाच लिटरचा डबा सहा माणसात महिनाभर पुरला तर माणशी रोज २८ मिली झालं, म्हणजे २३० च्या आसपास कॅलरी, त्याच्यात लेकरं कमी खातात ते वेगळं. वीस दिवसात संपायला तर कुठं मुरायलंय ते बघ. आमच्याकडं फोडणीला पळी होती तिथं चमचा केला, कूट वाटीनं मोजून घालायलो, वेगळा स्वयंपाक कुणासाठीच नाही, सगळ्या घराचंच तेल कमी झालं. येसर मसाल्याचं काही धरू नको, आमटीत दोन चमचेच जातं ते, वरून घेतेस त्या तेलाकडं बघ. आणि भाकरी दोन खात असशील तर दोनच खा पोटभर, संग पालेभाजी वाढव, उपाशी राहून शेतातलं घरातलं काम होत नसतं.