प्रतिसाद: कॅमेरोला १७ इंची रिम, आधी बॅकस्पेसिंग मोजा

१९६९च्या शेव्हरलेट कॅमेरो गाडीला चारही बाजूंना १७×८ रिम (१७ इंच व्यास, ८ इंच रुंद) आणि २४५/४५आर१७ टायर (२४५ मिमी रुंद) बसतील का, असं विचारलंय. ‘ऑफसेट (रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या भागाचं अंतर) शून्य असला की झालं’ असं उत्तरही आलंय. मागे बहुधा बसतील. पुढे घाई नको.

उंचीची काळजी नाही. या टायरचा व्यास ६५२ मिमी, सध्याच्या २३५/६०आर१५चा ६६३. स्पीडोमीटर दीडेक टक्का जास्त दाखवेल, एवढंच.

खरी गोम बॅकस्पेसिंगमध्ये, म्हणजे हबला टेकणाऱ्या भागापासून रिमच्या आतल्या काठापर्यंतच्या अंतरात आहे. आठ इंची रिम काठांसकट जवळपास ९ इंच भरते, म्हणून शून्य ऑफसेट म्हणजे साडेचार इंच बॅकस्पेसिंग. काठांची जाडी विसरून ४ इंच धरलं की हिशेब अर्ध्या इंचाने चुकतो.

मागचं माप गाडीचं वजन अ‍ॅक्सलवर असतानाच घ्या. मडगार्डच्या आतल्या ओठावरून ओळंबा सोडा, ब्रेक ड्रमच्या, रिम टेकते त्या चेहऱ्यापासून दोरीपर्यंत मोजा. मग आत लीफ स्प्रिंगपर्यंत (पट्ट्यांची स्प्रिंग). टायरच्या दोन्हीकडे किमान १२ मिमी मोकळे हवेत. डावी-उजवी दोन्ही मोजाच, या गाड्यांची बॉडी अ‍ॅक्सलवर क्वचितच नेमकी मध्यावर असते.

पुढे स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर टायरचा बाहेरचा खांदा मडगार्डच्या पुढच्या खालच्या कोपऱ्याला घासतो. सरळ चाकावर हे दिसतच नाही. डिस्क ब्रेकची काही किट चाक आणखी बाहेर ढकलतात, म्हणून आधी ब्रेक ठरवा, मग रिम मागवा. स्प्रिंग बदलून गाडीची उंची कमी केली असेल तर पुढे २३५/४५आर१७ घ्या.

पीसीडी, म्हणजे बोल्टच्या वर्तुळाचं माप, ५×१२०.६५ आहे (५ बोल्ट, १२०.६५ मिमी व्यास). ५×१२०ची रिम नट आवळून बसवू नका, स्टड वाकतात.