मीटर रूम, परत एकदा

ए-1 : काल पुन्हा पार्किंगमध्ये पाणी. माझ्या स्कूटरचं चाक अर्धं बुडालं. 2019 सारख्या पुराची वाट बघायचीय का? मीटर रूम वर घ्या.

सेक्रेटरी : साहेब, कोटेशन आलं तेव्हा सभेत सगळे गप्प होते. तुम्हीसुद्धा.

बी-504 : मी ग्रुपवर पुराचा फॉर्म टाकलाय, प्लीज भरा. पाणी कुठवर येतं एवढंच नकोय. तळमजल्यावर कोण, जिना कोणाला उतरता येत नाही, लाइट गेली तर ऑक्सिजनचं मशीन कोणाकडे, तेही हवंय.

बी-603 : सहाव्या मजल्यावर कसला धोका? पगारही विचारा आता.

ए-1 : काका, तुमची लिफ्ट आणि पंप त्याच मीटर रूममधून चालतात. तीन दिवस बादल्या चढवल्यात, विसरलात?

सी-201 : त्यातच काकांचं पोट कमी झालं होतं 😄

बी-603 : पानशेत बघितलंय मी, 12 जुलै 1961. तेव्हा फॉर्म नव्हते.

बी-504 : आजोबा, ते धरण फुटलं होतं. खडकवासल्यातून किती सोडणार ते निदान आधी कळू शकतं. 25 जुलै 2024 ला 35 हजार क्युसेकच्या वर सोडलं आणि नदीकाठची एकतानगरी बुडाली. आपल्या आंबिल ओढ्याला तसं मोजून पाणी सोडणारं धरण नाही. कात्रजच्या डोंगरात कोसळला की थेट दारात. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री कुणी सांगायला आलं होतं?

सी-302 : माझ्या गाडीपुढे कुंडी कुणी ठेवलीय?

बी-603 : आपण पूररेषेत नाही. बिल्डर म्हणाला होता.

बी-504 : निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतल्या. जुन्या पावसाच्या हिशेबाने आखलेल्या. पाऊस आता तसा राहिलाय का?

सी-201 : पार्किंगला फरशी घातली तेव्हापासून वाढलंय. माती होती तोवर मुरायचं तरी. ठराव कोणाचा ते बोलत नाही.

सेक्रेटरी : त्यावर तुमचीही सही आहे. रजिस्टर पाठवू?

ए-1 : मीटर रूम वर घ्या.

सेक्रेटरी : वाचलं, ए-1.

ए-1 : वाचून काय? रंग देताना 2019 ची रेघ मुद्दाम ठेवलीय भिंतीवर. मेन स्विच तिच्या जेमतेम चार बोटं वर. येऊन बघा, चहा पाजतो.

बी-603 : फॉर्म उघडला. 'जिना उतरता येतो का' याला हो आणि नाही एवढंच आहे. हिला उतरता येतं, पण गुडघ्यांमुळे बसत बसत. ते कुठे लिहायचं?

बी-504 : वेगळा रकाना टाकते, आजोबा.

सी-302 : कुंडी अजून तिथेच आहे.